खडकी ते वधूपक्ष, मार्गे खाट क्रमांक चौदा

ज्यांची मुलं इंजिनियर झाली किंवा ज्यांना मुलंच नाहीत, त्यांना हा प्रवास घडत नाही. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. तीन ठिकाणं, एक एसटी, एक फुकटची बस आणि एक खाट एवढाच ऐवज. बर्फ नाही, समुद्र नाही. फोटो चार आहेत, त्यातले तीन पाण्याच्या टाक्यांचे.

प्रवासी दोघं. एक मी, वय त्रेपन्न, खडकीच्या कारखान्यात तपासणी विभागात नोकरीला आणि तिथल्याच क्वार्टरमध्ये राहायला. दुसरी माझी मुलगी ऋतुजा, वय एकोणीस. डॉक्टर व्हायचं हे तिने सातवीत ठरवलं आणि आम्ही हसण्यावारी नेलं, ते आमच्या अंगाशी आलं. नीटची परीक्षा तिने दुसऱ्यांदा दिली होती आणि तिसऱ्यांदा द्यायची नाही, असं तिने, मी आणि तिच्या आईने, म्हणजे सुनीताने, मिळून ठरवलं होतं. निकाल लागला. गुण असे पडले की शेजारी अभिनंदन करायचे आणि त्याच दमात "मग आता?" विचारायचे. पुण्यातलं सरकारी कॉलेज मिळणार नाही इतके ते कमी होते आणि डॉक्टरकीचा नाद सोडून द्यावा इतके कमी नव्हते. या दोन्हींच्या मधे उरलेला महाराष्ट्र पसरलेला आहे. त्यातली कॉलेजं आपल्या मनाप्रमाणे ओळीने लावून एका फॉर्ममध्ये भरायची असतात. त्याला पसंतीक्रम म्हणतात.

विश्रांतवाडी, दिवस पहिला

विश्रांतवाडीला खाली मिठाईचं दुकान आणि वर ॲडमिशनचे मार्गदर्शक, अशी सोय आहे. पेढ्यांचा वास जिन्यापर्यंत येतो, त्यामुळे वर जाणाऱ्याला आपलं काम झाल्यासारखंच वाटतं. मार्गदर्शकांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं आणि विचारलं, "तर बजेट काय म्हणालात आपण?"

"अजून काही म्हणालो नाही," मी म्हणालो. "मार्क सांगू का?"

"मार्क नंतर. बजेट कळलं की मार्कांकडे कसं बघायचं ते ठरवता येतं."

मार्क ऐकल्यावर त्यांनी कागदावर तीन रकाने आखले: स्वप्न, वास्तव, हातचं. स्वप्नात पुण्यातलं सरकारी कॉलेज लिहिलं आणि आमच्यादेखतच खोडलं. हातचं म्हणून फिजिओथेरपी लिहिली. वास्तवाच्या रकान्यात दोन नावं आली. एक खासगी, मांजरीच्या पुढे, पाच-सहा वर्षांपूर्वी निघालेलं. दुसरं सरकारी, मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी, अगदी नवीन.

"एक जवळ आणि महाग. दुसरं लांब आणि स्वस्त. रिअलिस्टिक एवढंच आहे, अहो. बाकीची नावं यादी भरायला," ते म्हणाले. "आणि पहिला नंबर जपून लिहा. पहिल्या नंबरचं मिळालं की घ्यावंच लागतं. नाही घेतलं तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. तो लिहिताना हात थरथरला पाहिजे माणसाचा."

माझा हात थरथरणार नव्हता, कारण माझं ठरलेलं होतं. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागणार म्हणून विश्रांतवाडीच्याच पुढे आम्ही एक लहानसा फ्लॅट घेऊन ठेवला आहे. तो विकला की मांजरीचं जमत होतं. मुलगी सकाळी बसने जाईल आणि संध्याकाळी घरी जेवायला येईल. डॉक्टरकीबद्दल माझी एवढीच कल्पना होती. हे मी दोघींनाही सांगितलं नव्हतं. योग्य वेळी शहाणपणाचं काहीतरी बोलल्यासारखं करून सांगणार होतो.

"आम्ही दोन्ही कॉलेजं बघून येतो," ऋतुजा म्हणाली.

मार्गदर्शक दचकले. "बघायला नका जाऊ. बघितलं की पालक बिथरतात. माझ्याकडे सगळ्यांचे व्हिडिओ आहेत."

इथे ते चुकले. अठ्ठावीस वर्षं मी येईल तो नग गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, घालून पाहतो आहे. एका बाजूने तो आत गेलाच पाहिजे आणि दुसऱ्या बाजूने जाता कामा नये, तरच माझी सही मिळते. व्हिडिओ बघून मी आजवर साधा नट पास केलेला नाही. घरी येऊन मी वहीत तपासणीचा तक्ता आखला: पाणी, जेवण, वर्ग, प्रयोगशाळा, पेशंट, न्हाणीघराच्या कड्या. सुनीताने तो वाचला आणि मुलीला शिकायला पाठवताय की गोदामात ठेवताय, असं विचारलं.

मांजरीच्या पुढे, दिवस दुसरा

खडकीच्या माणसाला मांजरी म्हणजे परदेश. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला बारा मजली इमारती, आणि त्या इमारतींची नावं युरोपातली. सिटी बसने जिथवर सोडलं तिथून कॉलेज आणखी चार-पाच किलोमीटर आहे, असं कळलं. रिक्षावाल्यांशी बोलणी चालू असतानाच कॉलेजच्याच नावाची एक मोठी पांढरी बस समोर उभी दिसली. दारातला माणूस आमच्याकडे बघून ओरडला, "हॉस्पिटलला ना? बसा, बसा, दोन जागा हायेत."

पैसे विचारले तर तो हसला. पुण्यात कोणी आपणहून जागा देतं आणि पैसे घेत नाही, हे मी प्रथमच अनुभवत होतो. वहीत मी 'वाहतूक: उत्तम' असं लिहिलं.

बस भरलेली होती. बायामाणसं, म्हातारी, पिशव्या, डबे. माझ्या शेजारी पारूबाई नावाच्या साठीच्या बाई बसल्या होत्या. जवळच्याच वस्तीवरच्या.

"पयल्यांदाच व्हय?" त्यांनी विचारलं.

"हो. मुलीसाठी आलोय."

त्यांनी ऋतुजाला नखशिखांत न्याहाळलं. "पोरगी तर धडधाकट हाय की."

"तिला डॉक्टर व्हायचंय."

"आसं व्हय. मग तुमास्नी खाट चांगली देतील." थोडं थांबून त्या समजुतीने म्हणाल्या, "मागल्या टायमाला मला डोळ्याचं दिलं हुतं. डोळ्याचं बरं असतंय. पट्टी बांधली की दिसभर झोप. गुडघ्याचं मातुर नगं. सारखं उठवून चालाय लावत्यात."

बाईंना बरेच आजार दिसतात आणि इथे त्यांची चांगली काळजी घेतात, असं मी समजलो. अठ्ठावीस वर्षं तपासणीत काढलेल्या माणसाने असं समजावं, याची आज लाज वाटते.

दारात एकजण यादी घेऊन उभा होता. नाव, वय, सही. पाहुण्यांची नोंद होते आहे, म्हणजे शिस्त आहे, असं मला वाटलं. सही केल्यावर त्याने माझ्या मनगटाला कागदी पट्टी बांधली आणि ऋतुजाला म्हणाला, "नातेवाइकांनी कॅन्टीनला थांबा. दोनला जेवण आहे." ती कॉलेज बघून येते म्हणून लायब्ररीकडे गेली. मला एका वॉर्डमध्ये नेलं आणि खाट क्रमांक चौदा दाखवली.

"मला डीनसाहेबांना भेटायचंय," मी म्हणालो.

"भेटतील की. राउंडला सगळेच येणार आहेत. तुम्ही आडवे व्हा."

आडवा का झालो, हे सुनीता अजून विचारते. एक तर चादर फार स्वच्छ होती. दुसरं म्हणजे खाट तपासायची तर ती आडवं होऊनच तपासावी लागते, असं त्या वेळी मनाशी पटलं. गादी चांगली होती. तिचं प्लास्टिकही अजून निघालेलं नव्हतं.

पाच मिनिटांनी पांढऱ्या कोटातली एक मुलगी आली. इंटर्न होती, म्हणजे परीक्षा झालेल्या, पण डिग्री अजून हातात पडायची होती. तिच्याकडे कोऱ्या केसपेपरांचा गठ्ठा होता.

"काका, तक्रार काय लिहू? पोटाचे सगळे झाले. छातीचे दोन कमी आहेत."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. समोरच्या खाटेवरचा माणूस सलाईनची नळी बोटाला चिकटवून मोबाईलवर क्रिकेट बघत होता. त्याच्या पलीकडचा डबा उघडून भाकरी मोडत होता.

"अहो, मी पेशंट नाही," मी हळूच म्हणालो. "मी कॉलेज बघायला आलोय. मुलीची ॲडमिशन आहे."

इंटर्नने दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग बरोब्बर दिवशी आलात. आज सगळं आहे."

"रोज नसतं?"

"रोज मी असते आणि हा पंखा असतो."

"मग तुम्ही शिकता कशावर?"

"व्हिडिओ," ती म्हणाली, आणि मला विश्रांतवाडीची आठवण झाली.

मी उठायला लागलो तर तिने हात जोडले. "आता नको, काका. मान्यतेच्या तपासणीचं पथक जिन्यात आहे. माझ्या वॉर्डमधला पेशंट उठून चालायला लागला तर माझी इंटर्नशिप लांबवतील." आणि घाईघाईने तिने लिहिलं: छातीत धडधड, दोन दिवसांपासून.

पथक आलं. पुढे डीन, मागे सात-आठ कोट, आणि मध्ये एक चष्मेवाले वयस्कर गृहस्थ. हातात फळीला अडकवलेला तक्ता. बाकीचे लोक भिंती, टीव्ही, पडदे दाखवत होते आणि ते गृहस्थ खाटांच्या चाकांकडे बघत होते. चाकांना धूळ नव्हती, म्हणजे त्या अजून जागच्या हललेल्याच नव्हत्या. हा आपल्या धंद्यातला माणूस, हे मी एका नजरेत ओळखलं. ते माझ्या खाटेशी थांबले.

"क्या तकलीफ है आपको?"

माझ्या एका वाक्याचं काम होतं. मी पेशंट नाही, एवढंच. त्यांनी ते लिहून घेतलं असतं, कारण त्यांना तेच हवं होतं. आमच्या कारखान्यात असा नग समोर आला असता तर मी तो फेकून दिला असता. पण मला त्या क्षणी वेगळंच दिसलं. यांनी लिहिलं तर कॉलेजच्या जागा जाणार. जागा गेल्या की पुणे गेलं. संध्याकाळी घरी जेवायला येणारी मुलगी गेली.

"धड़कन बढ़ती है, साहब," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि घड्याळाकडे पाहिलं. "हाँ. तेज़ है," म्हणाले, आणि तक्त्यावर बरोबरची खूण करून पुढे गेले. नाडी खरोखरच जोरात होती. आयुष्यात पहिल्यांदाच मी खोटा नग पास करवून घेतला होता. ते पुढे सरकल्यावर दार मोकळं झालं आणि दारात ऋतुजा उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

ती खाटेशी आली. "पप्पा, उठता येत असेल तर चला. एका बाईंचे पाय बघायचेत," एवढंच म्हणाली. 'उठता येत असेल तर' हे अस्सल पुणेरी होतं. ते तिने माझ्याकडून घेतलेलं नाही.

बायकांच्या वॉर्डमध्ये पारूबाई होत्या. त्यांच्या नशिबी या वेळी गुडघे आले होते. पण लायब्ररीकडे जाताना ऋतुजाने त्यांना चपला हातात घेऊन चालताना पाहिलं होतं. पाय सुजून चपलेत मावत नव्हते. ऋतुजाने माझ्या वॉर्डमधल्या त्या इंटर्न मुलीला हाक मारून आणलं. मुलीने पारूबाईंच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. कणकेत राहावा तसा खड्डा तिथे राहिला. ती जरा वेळ त्या खड्ड्याकडेच बघत राहिली.

"आज्जी, किती दिवस झाले?"

"दोन म्हैनं झालं आसतील. दमबी लागतुय. पर ते कोन इच्यारतंय, मला तर गुडघ्याचं दिलंय."

इंटर्न धावत जाऊन एका मोठ्या डॉक्टरांना घेऊन आली. त्यांनी लांबूनच पाहिलं आणि हातातली यादी उलटली. "आज नको. आज त्या गुडघ्याच्या आहेत," म्हणाले आणि पथकामागे गेले. एवढ्या मोठ्या इस्पितळात त्या दिवशी एकच खरी पेशंट होती आणि तिच्यासाठी जागा नव्हती.

इंटर्न मुलीने चिठ्ठी लिहिली: पुण्यातल्या सरकारी रुग्णालयात आजच दाखवणे. पारूबाई जेवणाशिवाय हलायला तयार नव्हत्या. दिवसाचे पैसेही जेवणानंतरच मिळतात म्हणे. म्हणून आम्हीही जेवलो. पुऱ्या गार होत्या, पण शिरा चांगला होता. चांगल्याला चांगलं म्हटलं पाहिजे. मग तिघं रिक्षाने आणि पुढे बसने शहरात आलो. सरकारी रुग्णालयात रांग इतकी लांब होती की आपला नंबर कुठल्या रांगेत आहे, हे कळायलाच एक रांग लावावी लागली. पण संध्याकाळपर्यंत एका डॉक्टरबाईंनी पारूबाईंना तपासून ठेवून घेतलं. खाट नव्हती, म्हणून दोन खाटांच्या मधे गादी टाकली. ऋतुजाने त्यांच्या मुलाला फोन लावून कळवलं आणि स्वतःच्या मोबाईलमध्ये त्यांचा नंबर 'मांजरी आज्जी' म्हणून ठेवला.

खडकीच्या बसमध्ये तिने विचारलं, "पप्पा, तुम्ही खोटं का बोललात?"

"त्या पोरीची इंटर्नशिप लांबली असती गं."

"त्या पोरीची," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. मुलीसमोर इतकं लाजल्यासारखं मला कधी झालं नव्हतं.

वधूपक्ष, दिवस चौथा

तिसरा दिवस गाडीत आणि एका लॉजमध्ये गेला, तो सोडून देतो. एवढंच सांगतो की वाकडेवाडीहून जी एसटी आम्ही धरली, ती ज्या रस्त्याने जाते त्याच रस्त्याने अठ्ठावीस वर्षांपूर्वी मी एक पत्र्याची पेटी घेऊन पुण्याला आलो होतो. माझं गाव त्याच बाजूला आहे. मुलांना पुण्यात शिकता यावं म्हणून मी तिकडून निघालो, आणि आता माझी मुलगी शिकायला उलटी निघाली होती. हे मी तिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, रस्ता आता चौपदरी झालाय.

सरकारी कॉलेज जिल्हा रुग्णालयाच्या आवारात होतं. त्याची नवी इमारत होणार आहे. ती कुठे होणार आहे, ते दाखवायला एकजण उत्साहाने आमच्याबरोबर आला आणि त्याने आम्हाला एक माळ दाखवला. तोवर वर्ग रुग्णालयाच्या मागच्या बैठ्या इमारतीत भरतात. एका विषयाच्या मॅडमची बदली झाल्यामुळे दुसऱ्या विषयाचे सर दोन्ही शिकवतात. दोन्ही सारखेच अवघड आहेत, असं मुली म्हणाल्या. आणि मुलींचं वसतिगृह भाड्याच्या मंगल कार्यालयात आहे.

यात अतिशयोक्ती नाही. कमानीवर सोनेरी अक्षरांत 'शुभविवाह' आहे. आत दोन बाजूंना खोल्या. एका बाजूला पाटी 'वधूपक्ष', दुसऱ्या बाजूला 'वरपक्ष'. पहिल्या वर्षाच्या मुली वधूपक्षात राहतात, दुसऱ्या वर्षाच्या वरपक्षात. स्टेजवर अभ्यासाची टेबलं मांडली आहेत. नवरीच्या दागिन्यांच्या कपाटात एक कवटी आणि हाताची हाडं कुलपात होती. लॉन मालकाने स्वतःकडेच ठेवलं आहे, त्यामुळे मोठ्या तिथीला बाहेर बँड वाजतो आणि आत मुली मज्जासंस्था पाठ करतात.

"लगीन आसलं की मेस बंद ठिवतो," पहारेकरी रुक्मिणबाई म्हणाल्या. पन्नाशीच्या, कमरेला चाव्यांचा जुडगा. "समद्या पोरी पंगतीला बसत्यात. कुनी इच्यारलं तर नवरीकडच्या म्हनायचं. तुमी कुठनं आलाव?"

"पुण्याहून."

"आन् हितं कशाला? पुन्यात डाक्टर करत न्हाईत व्हय?"

"करतात," मी म्हणालो. "खाटेवर झोपवून करतात."

त्यांना ते कळलं नाही आणि ऋतुजाला हसू आलं. परवापासून ती प्रथमच हसली.

जेवायला ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि डोळ्यांत पाणी आणणारं पिठलं. अठ्ठावीस वर्षं साखर घातलेल्या आमटीची सवय झालेल्या माझ्या जिभेला आपलं गाव ओळखायला दोन घास लागले. ऋतुजा जेवायला आलीच नाही. ती वॉर्डमध्ये होती. मी शोधत गेलो. तिथे एका खाटेवर दोन पेशंट आणि खाली नातेवाईक, असा सगळा प्रकार. एक म्हातारे गृहस्थ समोर वही घेऊन बसलेल्या विद्यार्थिनीवर ओरडत होते, "तिघांनी इच्यारलं, तू चवथी. खोकला कवापासनं, खोकला कवापासनं. आता तूच सांग कवापासनं!"

"सव्वा महिना, आजोबा," विद्यार्थिनी म्हणाली. "आणि संध्याकाळी अंग गरम होतं. आता जरा पाठ करा इकडे."

त्यांनी कुरकुरत पाठ केली. तिने स्टेथोस्कोप लावला आणि मग मागे उभ्या असलेल्या माझ्या मुलीच्या कानाला दिला. ऋतुजाने ऐकलं. तिचा चेहरा मी सांगत नाही. सातवीत असताना डॉक्टर व्हायचं म्हणाली, तेव्हा तो तसाच होता.

मी वहीकडे वळलो. पाणी दिवसाआड. शिक्षक कमी. इमारत नाही. न्हाणीघराची कडी मोडलेली, मुली दाराला बादली लावतात. नापास करायला एवढं पुरे होतं आणि मला ते करायचं होतं. पण मोडकी कडी बघून पुढे जाणं मला जमत नाही. मुली वर्गात गेल्या होत्या. रुक्मिणबाईंची परवानगी घेऊन मी खिशातला पेचकस काढला, समोरच्या दुकानातून नवी कडी आणि चार स्क्रू आणले, आणि बसलो.

रुक्मिणबाई चाव्या वाजवत माझं काम बघत उभ्या राहिल्या. "पोरगीला हितं ठिवायचं ठरलं म्हना की."

"अजून काही ठरलं नाही."

"मग कडी कशापायी बसवायलाव?"

मी स्क्रू आवळत राहिलो. उत्तर मला माहीत होतं आणि मला ते आवडलेलं नव्हतं.

पुन्हा खडकी

फॉर्म भरायचा शेवटचा दिवस. संध्याकाळचे सहा. सुनीता स्वयंपाकघरात, ऋतुजा आतल्या खोलीत लॅपटॉपवर. तिने आत जाताना माझ्या हातात एक कागद दिला. "पप्पा, तपासून द्या." ती सकाळीच मांजरी आज्जींशी फोनवर बोलली होती. सूज उतरली होती, गोळ्या सुरू झाल्या होत्या आणि हृदयाचं दुखणं आहे असं निघालं होतं. "आता खरं छातीचं झालं माझं," असं त्या म्हणाल्या म्हणे.

मी कागद घेऊन खाली क्वार्टरच्या कट्ट्यावर येऊन बसलो. कागद माझाच होता. खाट क्रमांक चौदाचा केसपेपर. खाटेवरून उठताना तो मी शर्टाच्या खिशात कोंबला होता; तिथून तिने कधी काढून घेतला, मला कळलं नव्हतं. पुढच्या बाजूला माझं नाव, वय, छातीत धडधड, दोन दिवसांपासून. मागच्या बाजूला तिच्या अक्षरात पसंतीक्रम. पहिल्या नंबरला मंगल कार्यालय, म्हणजे ते सरकारी कॉलेज. खाली आणखी सहा सरकारी, एकाहून एक लांबची. मांजरीचं नाव कुठेच नव्हतं. मी दोनदा पाहिलं. तळाशी तिने आमच्या कारखान्यातल्यासारखी ओळ आखली होती: तपासणाऱ्याची सही.

फ्लॅट वाचला होता. मला आनंद व्हायला हवा होता आणि मला रडू येत होतं.

तेवढ्यात मोबाईल वाजला. फॉर्ममध्ये नंबर माझा दिलेला होता, म्हणून ओटीपी माझ्याकडे आला. सहा आकडे. ते दिले की यादी पक्की, मग फिरवता येत नाही. दहा मिनिटं चालतो.

वरच्या खिडकीतून ऋतुजाचं डोकं बाहेर आलं. "पप्पा, आला का?"

नाही, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. खडकीत रेंज जाते, हे सगळ्यांना माहीत आहे. मुदत टळली असती, मी हळहळलो असतो, आणि मग मागच्या दाराने मांजरीचं बघू म्हणालो असतो. खोटं मला जमतं, हे चार दिवसांपूर्वीच सिद्ध झालं होतं. मी खिडकीकडे पाहिलं. ती घाई करत नव्हती. कोपर टेकवून माझ्याकडे बघत उभी होती. केसपेपरावरची तक्रार एव्हाना अगदी खरी झाली होती.

"आला," मी म्हणालो, आणि आकडे सांगितले.

"शेवटचे दोन परत सांगा."

मी परत सांगितले, मोठ्याने आणि सावकाश. मग खिशातून पेन काढून त्या ओळीवर सही केली, खाली तारीख टाकली आणि वर गेलो. सुनीताने तीन ताटं मांडली होती. आता महिनाभरच तीन मांडायची होती, म्हणून मी लगेच जेवायला बसलो.

यादी लागली तेव्हा पहिलाच नंबर आला. ऋतुजा आता वधूपक्षात राहते, डावीकडून दुसरी खोली. परवा फोनवर मी पाणी, जेवण, शिक्षक असं सगळं विचारून घेतलं आणि शेवटी विचारलं, कडी कशी आहे.

"पक्की आहे, पप्पा," ती म्हणाली. "सगळ्या विचारतात, कुणी बसवली. मी सांगते, आमच्याकडचा एक पेशंट होता, खाट नंबर चौदा. आता बरा आहे."